नवा ऑनलाइन खेळ बनवताना जुन्याचं काय घ्यावं, काय घेऊ नये

कोरोनेट नावाच्या शहरात एक कँटिना, म्हणजे मद्यालय होतं. आत शिरलं की समोर वादकांचा ताफा, त्यांच्या पुढ्यात नाचणारे दोघं-तिघं आणि आजूबाजूला लढाईवरून परतलेली, दमलेली माणसं. शहर खेळातलं होतं, पण वाजवणारे, नाचणारे आणि बसून राहिलेले सगळे खरे होते, आपापल्या घरी संगणकासमोर बसलेले. खेळाचं नाव 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'. अमेरिकेत जून २००३ मध्ये तो सुरू झाला.

या खेळात फार वेळ लढत राहिलं की तुमच्या पात्राला शीण यायचा. त्याला 'बॅटल फटीग' म्हणत. हा शीण साध्या औषधाने उतरत नसे. कँटिनात येऊन कुणाचं तरी नाचगाणं बघत बसावं, मग हळूहळू तो उतरायचा. त्यामुळे ज्याला बंदूक हातातच घ्यायची नाही, अशा माणसालाही त्या जगात मानाची जागा होती. शस्त्रं आणि चिलखतं खेळाडूच घडवायचे. चांगला धातू कुठे सापडतो ते शोधत ग्रहभर हिंडायचं, तिथे यंत्र बसवायचं, आणि आलेल्या मालाचा दर्जा पाहून वस्तू बनवायची. वापरून वस्तू झिजायची, म्हणून गिऱ्हाईक परत यायचं. गावात एखाद्या सोनाराचं नाव असतं तसं चांगल्या कारागिराचं नाव अख्ख्या सर्व्हरवर, म्हणजे खेळाच्या त्या सबंध प्रतीत असे. पुढे खेळाडूंनी स्वतःची शहरं वसवली, त्यांचे महापौर निवडून आले.

नोव्हेंबर २००५ मध्ये हा सगळा संसार मोडला. खेळ चालवणाऱ्या 'सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट'ने 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासआर्ट्स कंपनीच्या साथीने 'न्यू गेम एन्हान्समेंट्स' नावाचा बदल आणला. तीसहून अधिक व्यवसायांचे नऊ उरले. लोकांनी महिनोन् महिने खपून मिळवलेला जेडाय, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधला अद्भुत शक्तीचा योद्धा, आता पहिल्या दिवशी कुणालाही निवडता येऊ लागला. नर्तक यादीत राहिला, पण लढणाऱ्याने त्याच्याकडे यावं असं पूर्वीचं कारण उरलं नाही. बदल जाहीर झाला तो नवी विस्तार-आवृत्ती विकायला काढल्यावर अवघ्या काही दिवसांत. खेळाडू इतके खवळले की त्या आवृत्तीचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली.

असं का केलं असेल? वर्षभरापूर्वी, २३ नोव्हेंबर २००४ रोजी, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला होता आणि २००५ सरता सरता त्याचे ५० लाख ग्राहक झाले होते. सोपा, झटपट, हाणामारीचा खेळ लोकांना हवाय, मग आपणही तसंच करू, असा हिशेब झाला. जगात दुसरीकडे कुठेही न मिळणारी गोष्ट ज्यांच्या हातात होती, त्यांनीच ती टाकून शेजाऱ्याची नक्कल केली. मला या गोष्टीचं अजून वाईट वाटतं, आणि नव्या खेळाने नक्कल करावी की नवं काही घडवावं हा प्रश्न निघाला की मला आधी ती कँटिनाच आठवते.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. अशा खेळांना एमएमओआरपीजी म्हणतात. हजारो माणसं एकाच वेळी एका काल्पनिक जगात असतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि ते महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं वाढत जातं. काम सांगणाऱ्या पात्राकडून क्वेस्ट घ्यायची, ती पुरी करायची, अनुभवगुण मिळवून लेव्हल वाढवायची, चार-पाच जणांची टोळी करून डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांच्या भुयारात शिरायचं, हा साधारण क्रम. टोळीत एक मार झेलणारा टँक, एक जखमा भरणारा हीलर, बाकीचे वार करणारे. ओळखीच्यांचा गट म्हणजे गिल्ड. तुम्ही संगणक बंद केलात तरी हे जग चालूच राहतं, आणि या खेळांची सगळी ताकद आणि सगळी अडचण त्यातच आहे.

ही घडण कुणा एकाने शोधलेली नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ सुरू केला. त्यात चित्र नव्हतं, नुसता मजकूर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या मुलांनी त्याच धर्तीवर 'डिकूमड' बनवला आणि लढाया, लेव्हल, पात्रांचे (योद्धा, जादूगार असे) वर्ग यांचा साचा पक्का झाला. मार्च १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'ने त्या साच्याला त्रिमितीय जग दिलं. दोन्हींत साम्य इतकं होतं की डिकूमडचा कोड आम्ही वापरलेला नाही, असं एव्हरक्वेस्टवाल्यांना पुढे लेखी द्यावं लागलं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हे एव्हरक्वेस्टचंच लेकरू. त्याच्या कर्त्यांपैकी रॉब पार्डो आणि जेफ कॅप्लन हे दोघं एव्हरक्वेस्टमधल्या एकाच नावाजलेल्या गिल्डचे खेळाडू होते. दुसऱ्याच्या खेळात त्यांनी रात्री घालवल्या होत्या, त्यामुळे त्यातलं काय दुखतं ते त्यांना स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. एव्हरक्वेस्टमध्ये मेलात की कमावलेला अनुभव जायचा, आणि सामान प्रेताजवळ पडून राहायचं. ते आणायला रिकाम्या हाताने पुन्हा त्याच धोक्याच्या जागी जायचं. वॉरक्राफ्टने मरण ठेवलं, पण शिक्षा हलकी केली: भूत होऊन स्मशानातून आपल्या प्रेतापर्यंत धावत जा आणि उठा. क्वेस्ट सुरुवातीच्या काही लेव्हलपुरत्याच ठेवायचा त्यांचा विचार होता. चाचणीत क्वेस्ट संपल्या की लोकांना खेळच संपल्यासारखं, काहीतरी बिघडल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून मग शेवटपर्यंत क्वेस्ट घातल्या.

त्या चाचणीतली एक हकीकत मला फार शिकवून गेली. माणसं तासन् तास खेळत राहू नयेत म्हणून त्यांनी नियम केला की काही वेळ खेळलं की मिळणारे अनुभवगुण निम्मे होतील. चाचणी करणारे चिडले. आमची कमाई का कापता? मग त्यांनी नियमाची मांडणी उलटी केली. मूळची पूर्ण कमाई २०० टक्के ठरवली आणि तिला 'रेस्टेड', म्हणजे विश्रांती घेतलेल्याची कमाई, असं नाव दिलं. निम्मी झालेली कमाई १०० टक्के ठरली, म्हणजे नेहमीची. हिशेब तोच, पण आता विश्रांतीचं बक्षीस मिळत होतं. लोक खूश झाले आणि तो नियम पुढे कायम राहिला.

हे लक्षात ठेवा, कारण ते न शिकल्याची किंमत सहा वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी मोजली. सप्टेंबर २०१० मध्ये जपानच्या स्क्वेअर एनिक्सने 'फायनल फँटसी फोर्टीन' आणला. त्यात पात्राच्या एका वर्गावर आठवड्यातले ठरावीक तास खेळून झाले की अनुभवगुण घटत घटत शून्यावर यायचे. वॉरक्राफ्टने चाचणीतच टाकून दिलेली ती शिक्षा यांनी विक्रीला काढलेल्या खेळात ठेवली. शेजारच्या घरात काय शिकून झालंय याची चौकशी केली असती तर हे टळलं असतं. त्या खेळाची कहाणी पुढे वेगळ्याच वळणाने गेली, तिच्याकडे येतेच.

त्याआधी नकलांचं काय झालं ते पाहू. ऑक्टोबर २०१० मध्ये वॉरक्राफ्टचे ग्राहक १ कोटी २० लाखांवर पोचले. अमेरिकेत तर दर महिन्याला प्रत्येकी पंधरा डॉलरच्या आसपास वर्गणी, हे गणित कुठल्याही कंपनीला भुरळ घालणारंच. सप्टेंबर २००८ मध्ये 'वॉरहॅमर ऑनलाइन' आला, डिसेंबर २०१३ मध्ये बंद पडला. डिसेंबर २०११ मध्ये 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' आला. त्यात क्वेस्ट देणारं प्रत्येक पात्र अभिनेत्याच्या आवाजात बोलायचं. प्रचंड मेहनत होती, पण आवाज रेकॉर्ड करायला जितका वेळ लागतो त्याच्या एका तुकड्यात खेळाडू ते ऐकून पुढे जातो. गोष्ट संपली की खाली वॉरक्राफ्टचाच सांगाडा दिसायचा. वर्षभराच्या आत तो खेळ फुकट करावा लागला. त्याची गोष्ट सांगण्याची हातोटी मात्र खरी होती, आणि तिच्या जोरावर तो टिकलाही.

जून २०१४ मधला 'वाइल्डस्टार' याहून बोलका. त्याने चाळीस-चाळीस जणांच्या रेड, म्हणजे मोठ्या टोळीने मिळून करायच्या मोहिमा आणल्या, आणि त्यात शिरण्याआधी पार करायच्या अटींची लांबलचक यादी दिली. जुन्या वॉरक्राफ्टची खडतर मजा परत आणतो, हा त्यांचा दावा. पण चाळीस माणसं एका वेळी जमवणं किती जिवावर येतं हे कळल्यावर वॉरक्राफ्टने स्वतःच २००७ मध्ये तो आकडा पंचवीसवर आणला होता. वाइल्डस्टारने नकलेसाठी निवडलं तेच, जे मूळ मालकाने टाकून दिलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले.

हे खेळ वाईट नव्हते. वॉरहॅमरमधली 'पब्लिक क्वेस्ट' ही कल्पना तर सुरेख होती: रस्त्याने जाताना एखादी मोठी लढाई चालू दिसली की कुणालाही न विचारता सामील व्हायचं. पुढच्या खेळांनी या धर्तीच्या घटना आपल्याशा केल्या. पण नव्या खेळाची तुलना वॉरक्राफ्टच्या पहिल्या दिवसाशी कुणी करत नाही. ती होते आजच्या वॉरक्राफ्टशी, म्हणजे वर्षानुवर्षं नवे प्रदेश जोडत आलेल्या, हजार चुका दुरुस्त करून बसलेल्या खेळाशी. चित्रं, नियम, बटणं यांची नक्कल करता येते. साचलेला काळ कुठून आणणार? शिवाय तिथे खेळाडूचे मित्र आहेत. पलीकडच्या गल्लीत रोषणाई चांगली आहे म्हणून आपण आपलं गणेश मंडळ सोडतो का? एक संध्याकाळ जाऊन बघून येतो, कौतुक करतो आणि आपल्या मांडवात परततो. नव्या खेळांचं नेमकं हेच होत होतं. पहिल्या महिन्यात गर्दी, तिसऱ्या महिन्यात ओसाड शहरं.

म्हणून सगळं नवंच करावं, असंही माझं म्हणणं नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'च्या कर्त्यांनी खरोखरीचं जंगल वसवायचं ठरवलं होतं. ससे गवत खातील, लांडगे सशांना खातील, आणि शिकार कमी झाली की हिंस्र प्राणी गावाकडे वळतील. कागदावर हे फार देखणं होतं. प्रत्यक्षात हजारो खेळाडू आत आले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले. जंगल उभं राहायच्या आत साफ झालं. त्या खेळात गावाबाहेर पडलेल्या नवख्याला जुने खेळाडू मारून लुटायचे, ते इतकं वाढलं की २००० मध्ये जगाच्या दोन प्रती कराव्या लागल्या: एकीत मारामारीची मोकळीक, दुसरीत ती बंद. ऑगस्ट २०१२ मधल्या 'गिल्ड वॉर्स २'ने टँक-हीलर ही वाटणीच मोडायचा प्रयत्न केला. पण आपण टोळीत नेमकं काय करायचं हेच बऱ्याच जणांना कळेना, आणि २०१५ मध्ये रेड आल्या तेव्हा हीलर वेगळ्या वाटेने परत आलाच.

मग काय घ्यावं आणि काय घडवावं? माझ्यापुरतं उत्तर असं आहे. हाताच्या सवयीचं जे असेल ते बिनदिक्कत घ्यावं. नकाशा कुठल्या बटणावर उघडतो, क्वेस्ट देणाऱ्याच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह असतं, आयुष्याची पट्टी कुठे दिसते, या गोष्टी आता भाषेच्या व्याकरणासारख्या झाल्यात. ते उद्गारचिन्हसुद्धा वॉरक्राफ्टने आपल्याच घरच्या 'डायब्लो २'मधून घेतलं होतं. व्याकरण मोडून कुणी चांगला कवी होत नाही. घडवायचं ते एका माणसाचं दुसऱ्या माणसाशी काय नातं असेल ते. त्या जगात मला तुझी गरज का पडावी, आणि तू भेटलास तर मला आनंद का व्हावा, याचं उत्तर उसनं आणता येत नाही.

गिल्ड वॉर्स २ इथे पुरेपूर यशस्वी झाला. जुन्या खेळांत तुम्ही खाणीजवळ पोचलात आणि दुसरा कुणी आधी आला की धातू त्याचा. अनोळखी माणूस दिसला की पोटात गोळा यायचा. या खेळात प्रत्येकाला त्याच खाणीतून आपापला धातू मिळतो, शत्रू मिळून मारला तर प्रत्येकाला आपापलं बक्षीस, आणि पडलेल्या कुणालाही कुणीही उठवू शकतं. नियम इतकाच बदलला, आणि समोरून येणारा अनोळखी माणूस हवाहवासा वाटायला लागला.

आइसलँडमधल्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. मे २००३ पासून चालू आहे, चीन वगळता जगभरचे सगळे खेळाडू एकाच विश्वात. जहाजं, बाजार, युद्धं, तह सगळं खेळाडूंचं. जानेवारी २०१४ मध्ये एका सौरमंडळाच्या ताब्याचा हप्ता भरायचा राहून गेला, शत्रूने संधी साधली आणि सुमारे एकवीस तास युद्ध चाललं. ७५ टायटन जहाजं गेली, आणि खऱ्या पैशांत नुकसानीचा अंदाज तीन लाख डॉलरच्या घरात होता. हा खेळ शिकायला अवघड आहे, त्याचं जग कठोर आहे, आणि वॉरक्राफ्टएवढी गर्दी त्याने कधी पाहिली नाही. पण वीस वर्षांनंतरही त्याला पर्याय नाही, कारण तिथलं वैर आणि तिथली मैत्री दुसरीकडे मिळत नाही.

आता फायनल फँटसीकडे. २०१० चा तो खेळ इतका फसला की कंपनीने वर्षभराहून अधिक काळ वर्गणीच घेतली नाही. खेळ अडखळायचा. पुढे नाओकी योशिदा यांनी जाहीरपणे सांगितलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे: खेळातल्या फुलझाडाच्या एका कुंडीला खेळाडूच्या पात्राएवढेच, म्हणजे हजार पॉलिगॉन (ज्यांनी त्रिमितीय चित्र बनतं ते बहुकोनी तुकडे) होते. कलाकारांनी जीव ओतला होता, पण तो नको त्या जागी. डिसेंबर २०१० मध्ये योशिदांकडे सूत्रं आली. ते स्वतः पाश्चात्त्य ऑनलाइन खेळ मनापासून खेळणारे. त्यांनी आपल्या लोकांना वॉरक्राफ्ट खेळायला लावला आणि त्यातून शिकलो हे कधी लपवलं नाही. जुना खेळ चालू ठेवून मागे नवा बांधला. नोव्हेंबर २०१२ मध्ये खेळातल्या आकाशातून एक चंद्र कोसळवून जुनं जग संपवलं आणि २७ ऑगस्ट २०१३ रोजी नवा खेळ आला. सर्व्हर इतके भरले की विक्री काही काळ थांबवावी लागली.

सांगाडा वॉरक्राफ्टचा, पण आतला स्वभाव स्वतःचा. एकाच पात्राला सगळे व्यवसाय शिकता येतात. आणि एक छोटी गोष्ट, जी मला या सगळ्यांत लाखमोलाची वाटते. टोळी डंजनमध्ये शिरली आणि कुणी तिथे पहिल्यांदाच आलं असेल, तर पडद्यावर सूचना येते की या गटात नवखा सदस्य आहे, आणि बाकीच्यांना त्याबद्दल जादा बक्षीस मिळतं. दुसऱ्या खेळांत नवखा म्हणजे लोढणं. तो चुकणार, आपला वेळ जाणार. इथे ती ओळ दिसली की जुने खेळाडू खूश होतात, 'सावकाश ये, आम्ही आहोत' असं लिहितात.

मला त्याची किंमत कळते, कारण मी वॉरक्राफ्टमध्ये नवखी होते तेव्हा सोलापुरात भारनियमन होतं. २००८ चा सुमार. दादाच्या कार्डावरून वर्गणी भरलेली, युरोपातला सर्व्हर, यूपीएस जेमतेम पाच मिनिटं टिकणारा. मी हीलर होते. ऐन डंजनात वीज गेली, यूपीएस किंचाळला आणि मी चार अनोळखी माणसांना राक्षसासमोर सोडून गायब झाले. ती माणसं मेली असणार यात शंका नव्हती. अडीच तासांनी वीज आली. खेळ उघडला तेव्हा खेळातल्या टपालपेटीत एक पत्र होतं, त्या टोळीतल्या टँकचं: सगळं ठीक आहे ना? उद्या याच वेळी पुन्हा जाऊ. गेलोही. नंतर दीड वर्ष आम्ही एकत्र खेळलो.

त्या काळी टोळी जमवायला लोकांशी बोलावं लागायचं, म्हणून नावं लक्षात राहायची. डिसेंबर २००९ मध्ये वॉरक्राफ्टने 'डंजन फाइंडर' आणला. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरची पाच माणसं आपोआप एकत्र. सोय मोठी झाली, पण त्यांच्याशी पुन्हा गाठ पडेल अशी शक्यता राहिली नाही, मग कोण कुणाला पत्र लिहिणार? ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने जुना वॉरक्राफ्ट 'क्लासिक' म्हणून परत आणला तेव्हा ते बटण मुद्दाम ठेवलं नाही, आणि लोक शहराच्या चौकात उभं राहून 'हीलर हवाय' असं ओरडण्यासाठी परत आले.

कोरोनेटची कँटिना १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाली. त्यानंतर पाचच दिवसांनी नवा स्टार वॉर्स खेळ रीतसर सुरू झाला. पण जुन्या खेळाडूंपैकी काही जणांनी गॅलक्सीज बंद पडण्याच्या कितीतरी आधीपासून स्वतः कोड लिहून सर्व्हर उभे करायला घेतले होते. शेवटची आवृत्ती जपणारेही आहेत. पण ज्या प्रकल्पावर सर्वांत आधीपासून काम चाललं, त्याने निवडली ती बदलाआधीची आवृत्ती: झिजणारी बंदूक, धातू शोधत हिंडणारा कारागीर, आणि लढून दमलेल्यांसाठी नाचणारी माणसं असलेली.